अर्जदार क्रासनर, फ्लॅट ६ सी

कुत्र्याला बसायला सांगितलं. कुत्रा बसला. चेअरमननी विचारलं, "एकटा असला की भुंकतो का?" मालकीणबाई म्हणाल्या, "छे हो, तत्त्वज्ञ आहे तो." तेवढ्यात शेजारच्या लॉन्ड्रीत ड्रायर संपल्याचा बझर वाजला. कुत्र्याने तीच पट्टी पकडली आणि एक मिनिट चाळीस सेकंद सोडली नाही. अर्ज नामंजूर.

*

प्रश्न २७. घरातल्या एकूण जमिनीपैकी किती टक्के भागावर गालिचा अंथरणार? (ऐंशीपेक्षा कमी लिहू नये.)

*

सेंट ऑल्बन्समध्ये एक माणूस अंगणात उभ्याने एक पत्र वाचत होता आणि इतका हसत होता की बायकोने खिडकीतून ओरडून विचारलं, "कोण मेलं?"

*

तुम्ही ज्या घरात राहता ते तुमचं नाही. तुमच्याकडे फक्त एक कागद आहे.

*

सभेला बारा बेगल (ते भोकाचे पाव) आणा. तिळाचे मिसेस टेपरना देऊ नका. तीळ दातात अडकतात, मग त्या उठतात, मग कोरम जातो.

*

अर्जदाराची खुर्ची कमिटीच्या खुर्च्यांपेक्षा दोन बोटं बुटकी आहे. पाय करवतीने कापलेत. कोणी कापले ते सगळ्यांना माहीत आहे.

*

ही सगळी एकाच माणसाची करणी. आता सरळ सांगते.

मी थिया मावरोस, इमारतींची वकील. माणसांची नाही. क्वीन्स बुलेव्हार्डवर एका कुलूपकिल्लीवाल्याच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. एकतीस सोसायट्या आणि दोन बिल्डर माझे अशील. बिल्डरांचं काम सोपं, त्यांना फक्त घाई असते. सोसायटीचं काम म्हणजे पाच शेजाऱ्यांना एका टेबलाशी बसवून सांगायचं की तुमच्यापैकी कोणाचंच बरोबर नाही, आणि तरीही पुढच्या महिन्यात त्यांनी फोन केला पाहिजे.

एकतिसांतली माझी सर्वांत लाडकी आणि सर्वांत छळवादी म्हणजे क्यू गार्डन्समधली 'व्हिटकोम्ब'. सात मजले, चौऱ्याऐंशी घरं आणि एक अर्विन क्रासनर. वय एकोणऐंशी, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त, बावीस वर्षं चेअरमन.

आमच्याकडे सोसायटीत घर घेणं म्हणजे घर घेणं नसतं. तुम्ही शेअर्स घेता, त्या शेअर्सबरोबर घरात राहायचा हक्क येतो, आणि शेअर्स द्यायचे की नाही ते कमिटी ठरवते. आधी अर्ज, मग मुलाखत. वंश, धर्म, वय, मुलंबाळं असल्या कारणांवरून कोणाला नाकारता येत नाही. तो कायदा मी दर जानेवारीत प्रत्येक कमिटीला मोठ्याने वाचून दाखवते. पण कारणच न देता नाकारता येतं. अर्विनला हे वाक्य एखाद्या प्रमेयासारखं आवडायचं. तो म्हणायचा, "कारण दिलं की वाद, नाही दिलं की शांतता." अशी शांतता त्याने बावीस वर्षांत एक्केचाळीस लोकांना दिली होती.

प्रश्नावली चौतीस पानी, त्याचीच. अर्जाच्या आठ प्रती, रंगीत खुणेच्या पट्ट्या लावून. आणि तीन शिफारसपत्रं: लिहिणारा या इमारतीत राहणारा नको, नातलग नको, अर्जदाराला किमान पाच वर्षं ओळखणारा हवा. पत्र कमी असेल तर फाइल उघडायचीही नाही.

पण त्याचा खरा अभिमान होता २०११ ची दुरुस्ती. त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याने क्रूझवर लग्न केलं आणि चार महिन्यांत तो वारला. नवी नवरी दोन मकाव पोपट घेऊन आली. नवऱ्याचे शेअर्स बायकोला आपोआप जायचे तेव्हा, मुलाखत नाही की काही नाही. पोपट पहाटे पाचला ग्रीकमध्ये शिव्या द्यायचे (ग्रीक माझ्या घरची भाषा, पण अर्थ मी सांगितला नाही, मलाच लाज वाटली). अर्विन दारोदार फिरला, दोन तृतीयांश मतं गोळा केली, आणि नियम बदलला. यापुढे शेअर्स कोणाच्याही नावावर करायचे तर कमिटीसमोर बसावं लागेल. नवरा असो, बायको असो, अपवाद नाही.

मसुदा माझा. दुहेरी टाक्याने शिवलेला. त्यातून झुरळ निसटलं नसतं.

*

मार्चमध्ये इमारतीचं कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यायचं ठरलं. बँकेला सभासदांची यादी मूळ रजिस्टरशी ताडून हवी होती. मी ताडत बसले. ६ ए ठीक. ६ बी ठीक. ६ सी, चारशे बारा शेअर्स: लिबी क्रासनर.

पुढे 'आणि' नव्हतं. पान उलटलं, सुलटलं, उजेडात धरलं. लिबी क्रासनर, पूर्णविराम.

लिबी म्हणजे अर्विनची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

जो माणूस दुसऱ्यांच्या सर्टिफिकेटवरचा शिक्का भिंगातून तपासायचा, त्याने स्वतःचं सर्टिफिकेट कधी उघडून पाहिलं नव्हतं. लिबीच्या मृत्युपत्राने शेअर्स त्याला दिले होते, पण नावावर करायचे तर कमिटीची मंजुरी हवी. आणि चेअरमन व्हायचं तर आधी सभासद हवं, नाहीतर सभासदाचा नवरा किंवा बायको. म्हणजे गेली सहा वर्षं व्हिटकोम्बचा चेअरमन हा व्हिटकोम्बचा कोणीच नव्हता. तेवढ्या काळातले ठराव एका ओळीत पक्के करून घेता येतात, ती सोय कायद्यात आहे. माणसाला पक्का करायची सोय नाही.

कमिटीने नाही म्हटलं तर शेअर्स विकावे लागणार आणि त्याला घर सोडावं लागणार. मला त्याला तसं पत्र लिहावं लागलं. दोन मसुदे फाडले, आणि खोटं कशाला बोलू, थोडं हसूही येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र हातात घेऊन स्वारी ऑफिसात हजर.

"वकीलबाई, हे कोणत्या मूर्खाने लिहिलंय?"

"खाली सही आहे."

"तुमची आहे."

"हो."

"बरं. मग मी आता याला काय उत्तर देऊ?"

"ते मला विचारता येणार नाही. मी तुमची वकील नाही."

"बावीस वर्षं आहात!"

"इमारतीची."

"बाई, मीच इमारत आहे!"

"नाही, अर्विन. सहा वर्षं तुम्ही पाहुणे आहात."

तो खुर्चीत बसला. माझ्या ऑफिसातल्या खुर्च्या सगळ्या एका उंचीच्या आहेत, तरी तो बुटका दिसला.

"म्हणजे ते मला नाकारू शकतात."

"हो."

"कारण न देता."

"पद्धत तुमचीच."

"चांगली पद्धत आहे," तो म्हणाला आणि त्याने चष्मा पुसला. "मग मी फ्लोरिडाला जायचं. बहिणीची मुलगी आहे तिथे."

"छान हवा असते म्हणे."

"तिथे कॉन्डोमिनियम असतात, वकीलबाई." त्याने आवाज खाली आणला. "तिथे घर थेट विकत मिळतं. मुलाखत नाही. *कोणालाही* घेतात."

मी उठून दार लावलं, एखाद्या भयंकर रोगाचं नाव निघाल्यासारखं.

"सूट मागून पाहा," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, इमारत माझ्या तोंडावर फाइल फेकेल. पण निघून गेलं तोंडातून.

"सूट? मी?" तो उभाच राहिला. "आठ प्रती करीन. रंगीत पट्ट्या लावीन. रजा घेतो."

*

प्रश्न ३. आपण आधीचं घर का सोडत आहात?

क्रासनर यांचं उत्तर: सोडत नाही. तिथेच येत आहे.

प्रश्न ११. या इमारतीतल्या कोणाला आपण ओळखता का?

उत्तर: सर्वांना. मांजरांसकट. सोबत यादी जोडली आहे.

प्रश्न १४. आपल्या सवयींमुळे शेजाऱ्यांना त्रास होण्याची शक्यता आहे का?

उत्तर: (इथे खाडाखोड. मग पुन्हा खाडाखोड. मग:) हो.

*

तीन पत्रांपाशी गाडं अडलं.

अर्विनचा स्वभाव असा की कोणाशी मैत्री झाली की तो त्याला व्हिटकोम्बमध्येच घर घ्यायला लावायचा. शाळेतला चित्रकलेचा मास्तर पाचव्या मजल्यावर. बुद्धिबळाचा जोडीदार दुसऱ्यावर. लिबीची मैत्रीण तळमजल्यावर. चाळीस वर्षांत त्याने सगळे मित्र एकेक करून आत ओढले होते आणि बाहेर एकही उरला नव्हता. बेगलवाला ओळखीचा, पण तो वर्षभरापूर्वीच आला होता, आणि त्याचं अर्विनविषयीचं मत "हे बेगल आजचेच का, असं रोज विचारणारा" एवढंच होतं.

बाहेर राहणारे, नातलग नसलेले, पाच वर्षांहून जास्त ओळखणारे. असे लोक त्याच्या आयुष्यात किती? त्याने नकाराच्या जुन्या फाइली काढल्या, सर्वांत अलीकडची सात वर्षांपूर्वीची. मोजले. एक्केचाळीस.

त्याने एक्केचाळीस पत्रं हाताने लिहिली. प्रत्येकाची प्रत नियमाप्रमाणे सोसायटीच्या वकिलाला. म्हणून माझ्याकडे आहेत.

> महोदय/महोदया,
>
> आपण व्हिटकोम्बमध्ये घर घेण्यासाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. कारण दिलं नव्हतं. आताही देत नाही, ती पद्धत नाही. आपण मला पाच वर्षांहून अधिक काळ ओळखता, माझे नातलग नाही, आणि या इमारतीत राहत नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीत माझा हात आहे. तरी माझ्या स्वभावाविषयी एक पत्र द्यावं, ही विनंती. खरं लिहावं.
>
> आपला,
> अर्विन क्रासनर (अर्जदार)

उत्तरं यायला लागली. एका बाईंनी समुद्रकाठच्या आपल्या घराचा फोटो पाठवला, मागे एक शब्दही न लिहिता. एकाने आमच्या छापील नकारपत्राची झेरॉक्स काढली, नाव खोडून 'क्रासनर' लिहिलं आणि परत धाडली: *आपल्या विनंतीचा विचार केला. खेद वाटतो. कारणं दिली जात नाहीत.* अर्विनने ती मला फोनवर वाचून दाखवली. "बघा किती नेमकी भाषा आहे," तो म्हणाला. "तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं."

मग सेंट ऑल्बन्सहून डेझमंड पर्सेलचं पत्र आलं.

> कमिटीस,
>
> २००९ साली या माणसाने माझी चाळीस मिनिटं मुलाखत घेतली. ट्रॉम्बोनची लांबी विचारली. दांडा पूर्ण बाहेर काढल्यावरची लांबी विचारली. मग म्हणाला, वाजवा. मी वाजवलं. त्याचे डोळे भरून आले. आठ दिवसांनी नकार आला.
>
> मग मी इथे अंगणवालं घर घेतलं. आता मी वाटेल तेव्हा वाजवतो आणि शेजारी कुंपणावरून फर्माइशी करतात. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट या माणसाने केली, आणि त्याचा तसा काही हेतू नव्हता. त्याला तुमच्याकडेच ठेवा. कृपया आमच्या गल्लीत पाठवू नका.

आणि ग्रेटा सँडोवालचं.

> माझा कुत्रा पिकल, जातीने बासेट. दोन वर्षांपूर्वी गेला. जगात त्याची मुलाखत घेणारा हा एकच माणूस. इतिवृत्ताची प्रत मी मागून घेतली होती, ती फ्रेम करून लावली आहे: "वर्तन सभ्य, बझरपर्यंत." पिकलविषयी इतकं खरं कोणी लिहिलं नाही. क्रासनर यांचं वर्तनही सभ्य आहे. त्यांचा बझर कोणता ते तुम्ही शोधा.

दोन झाली. तिसरं आलंच नाही.

*

मे महिन्यातला पहिला रविवार, सकाळी दहा. तळघरातली कमिटीची खोली, बारा बेगल, चार सभासद आणि मी. चेअरमनची जागा रिकामी, म्हणून उपाध्यक्ष झोया अब्रामोवा मधोमध बसल्या. त्या दंतवैद्य. पंधरा वर्षांपूर्वी अर्विनने त्यांना याच खोलीत विचारलं होतं, "ड्रिल घरी आणणार का?" डावीकडे खजिनदार कॅल्विन ओयेलारन, अत्यंत न्यायी माणूस, म्हणजे ज्याचं शेवटचं ऐकेल त्याचं पटणारा. उजवीकडे मिसेस टेपर, वय एक्याण्णव, विणकाम आणि डुलकी आलटूनपालटून. टोकाला लुंडक्विस्ट. हा गेली एकोणीस वर्षं प्रत्येक ठरावावर अर्विनच्या उलट मत देत आला होता. अर्विनने एकदा त्याच्या वाढदिवसाच्या अभिनंदनाचा ठराव मांडला, तर त्याने त्याच्याही विरोधात हात वर केला.

अर्विन आला. सूट, टाय, काखेत आठ फाइली. बुटक्या खुर्चीत बसला. गुडघे वर आले.

"ही खुर्ची फार वाईट आहे," तो म्हणाला.

"ऐकून बरं वाटलं," झोयाबाई म्हणाल्या. "तर अध्यक्षमहाराज, तुम्ही निवृत्त माणूस. नियमावली घरी आणणार का?"

कॅल्विनला बेगलचा ठसका लागला.

"आणीन," अर्विन म्हणाला. "पण मोठ्याने वाचणार नाही."

"इथे का राहायचंय?"

त्याने कागद काढला. त्यावर सोयीचं ठिकाण, बाग जवळ, असलं काहीबाही लिहिलेलं असणार. त्याने तो पाहिला आणि पुन्हा घडी घातली.

"माझ्या स्वयंपाकघरातून आपल्या बॉयलरचं धुराडं दिसतं. रोज सकाळी मी आधी ते बघतो. धूर पांढरा असला की चहा ठेवतो, काळा असला की खाली पळतो. दुसरीकडे सकाळी उठून मी काय बघू, तेच मला कळत नाही."

मिसेस टेपर जाग्या झाल्या.

"अर्जदार कोण आहे?"

"अर्विन, मिसेस टेपर."

"अर्विन पोरा, टाय छान आहे. घ्या याला आत." आणि पुन्हा डोळे मिटले.

इथेच संपलं असतं. झोयाबाई फाइल बंद करत होत्या. पण अर्विनने हात वर केला.

"हरकत आहे. फाइलमध्ये दोनच पत्रं आहेत. नियमाने तीन लागतात. अपुरी फाइल उघडायची नसते. तुम्ही ती उघडलीत. हा अर्ज रद्द करावा, असा ठराव मी मांडतो."

"तुम्हाला ठराव मांडता येत नाही," झोयाबाई म्हणाल्या. "तुम्ही कमिटीवर नाही."

"मग माझी हरकत कोणीतरी मांडा!"

"अहो, रद्द झाला तर तुमचं घर जाईल!"

"मला ठाऊक आहे कोणाचं घर जाईल!"

झोयाबाई माझ्याकडे वळल्या. "वकीलबाई, तो तीन पत्रांचा नियम कमिटीला बदलता येतो का?"

"वकीलबाई, सांगू नका!" अर्विन ओरडला.

"येतो," मी सांगितलं. "साध्या बहुमताने, आत्ता, इथेच."

"मी मांडते," झोयाबाई म्हणाल्या. "तीनऐवजी दोन."

तर हा माणूस त्या बुटक्या खुर्चीतून उठला आणि त्याने भाषण केलं. मी त्याची शंभर भाषणं ऐकलीत, हे त्यातलं सर्वोत्तम. त्रिकोणाला तीन बाजू का लागतात इथपासून त्याने सुरुवात केली. दोन बाजूंत जागा बंद होत नाही, म्हणाला, कोणीही आत शिरतं. एकासाठी नियम वाकला की तो सगळ्यांसाठी वाकडा. मोजून सात मिनिटं. मी टेबलाखाली पाय लांब करून त्याला लाथ मारायचा प्रयत्न करत होते. लागली कॅल्विनला.

"खरं सांगू?" कॅल्विन पाय चोळत म्हणाला. "अर्विनचं पटतंय मला."

झोयाबाई बाजूने, कॅल्विन विरोधात. मिसेस टेपरना हलवून उठवलं, ठराव दोनदा सांगितला.

"अर्विनला काय हवंय?"

"त्याला हा ठराव नकोय."

"मग मलाही नको. शहाणा मुलगा आहे."

दोन विरोधात. आता लुंडक्विस्ट उरला. त्यालाही नको असेल तर खेळ खलास. त्याने हो म्हटलं तर दोन-दोन, आणि बरोबरी झाली की आमच्या नियमाप्रमाणे सभेच्या अध्यक्षांचं जादा मत. लुंडक्विस्टने अर्विनकडे पाहिलं. अर्विन लालबुंद, बोट वर, "नाही" म्हणत उभा.

एकोणीस वर्षांची सवय. लुंडक्विस्टचा हात आपोआप वर गेला.

"बाजूने," तो म्हणाला.

झोयाबाईंनी जादा मत दिलं तेव्हा त्यांचा आवाज फाटला. मग लगेच प्रवेशाचं मतदान. कॅल्विन म्हणाला, नियम बदललाय तर आता माझी काही अडचण नाही. मिसेस टेपर म्हणाल्या, मी मघाशीच घेतलं होतं. तीन विरुद्ध एक. तो एक लुंडक्विस्ट.

"बरं झालं," अर्विन खाली बसत म्हणाला. "नाहीतर मला वाटलं असतं, मी मेलोय."

आणि तो हसायला लागला. मग झोयाबाई. मग मी. लॉन्ड्रीत कपडे घ्यायला आलेली दोन माणसं दारातून डोकावली, आणि काय झालं ते न कळताच तीही हसायला लागली. मिसेस टेपरनी तिळाचा बेगल उचलला, कोणी अडवलं नाही.

*

सोमवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी ६ सीच्या नव्या सभासदाकडून पहिली तक्रार आली, आठ प्रतींत. विषय: कालचा दोन पत्रांचा ठराव तातडीने रद्द करून तीनचा नियम परत आणावा.

नव्या चेअरमन अब्रामोवाबाईंनी ती पुढच्या सभेत वाचली. नामंजूर. कारण दिलं नाही.

अर्विनने मला फोन केला. आनंदाने त्याचा आवाज चिरकत होता. "वकीलबाई, शिकली ती!"

*

१९८४ सालच्या ऑक्टोबरात, ज्या दुपारी लिबीने शेअर्सच्या कागदांवर एकटीने सही केली, त्या दुपारी सहीला निघालेला अर्विन दोन तास व्हिटकोम्बच्याच लिफ्टमध्ये अडकला होता.